तिकडच्यांचा श्वास

थकला म्हणे! आवाज थकला म्हणे!

दिगूभाऊंच्या शोकसभेत एका सद्गृहस्थांनी माईक हातात घेतला आणि गळा काढून सांगितलं, "शेवटी शेवटी आवाज थकला होता हो त्यांचा. पण माणूस सोन्यासारखा." समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणारच होते, पण शेजारी बसलेल्या सुमनवहिनींनी, म्हणजे दिगूभाऊंच्या बायकोनं, माझं मनगट धरलं. "जाऊ दे गं मंगल, त्यांना काय माहीत," म्हणाल्या. नवऱ्याला जाऊन पंधरवडाही झालेला नसताना त्यांनी मला आवरायचं म्हणजे काय! मी मुकाट्यानं बसले. पण तेव्हापासून ते वाक्य घशात अडकून बसलंय. ते काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

दिगंबर खानझोडे हे नाव भोपाळच्या बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. भोपाळमध्ये तरी कुणाला माहीत होतं म्हणा! मूळचे नागपूरचे. राज्याच्या कचेऱ्या नागपुराहून भोपाळला आल्या, तेव्हा वडील फायलींबरोबर आले आणि इथलेच झाले. दिगूभाऊ त्याच खात्यात कारकून. गणपतीत मंडळाच्या नाटकात काम करायचे. तिथून कुणीतरी त्यांना बिट्टन मार्केटमधल्या आमच्या स्टुडिओत आणलं. स्टुडिओ म्हणजे कपड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतींना स्पंज ठोकलेला आणि एक एसी, तोही रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज नको म्हणून बंद. मुंबईला महाग पडणारं डबिंगचं काम आमच्याकडे यायचं. परदेशी कार्टूनचे हिंदी संवाद मी लिहायचे. सलीमभाई रेकॉर्डिंग करायचे. आणि दिगूभाऊ दादाजी व्हायचे.

हे दादाजी एका जपानी मालिकेतले. समुद्रकाठी दीपगृह, त्यात एक तापट म्हातारा राहतो, दिवा सांभाळतो, गावातल्या पोरांवर खेकसतो आणि मग त्यांनाच वाचवायला धावतो. एवढीच गोष्ट. पण ती वीस-बावीस वर्षं चालली. कार्टूनमधल्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं वय वाढत नाही. दादाजी पहिल्या भागात जेवढे म्हातारे होते तेवढेच शेवटपर्यंत राहिले. म्हातारे झाले ते त्यांना आवाज देणारे दोघं. एक जपानमधला आणि एक आमचा.

डबिंग करणाऱ्याच्या एका कानात मूळ कलाकाराचा आवाज असतो. दुसरा कान स्वतःचं बोलणं ऐकायला मोकळा. बहुतेक जण मूळ आवाजाकडून एवढंच घेतात की वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. ओठ जुळले की झालं. आमच्या दादाजींना तर झुपकेदार मिशा, ओठ दिसायचेच नाहीत. कुणीही काहीही बोललं तरी चाललं असतं. पण दिगूभाऊंनी पहिल्याच आठवड्यात मला धरलं.

"हे काय लिहून राहिली तू? एवढं लांब वाक्य?"

"मिशांत खपून जाईल की, भाऊ."

"मिशांत खपेल, खांद्यात कसं खपेल? ते बघ, म्हाताऱ्याचे खांदे वर गेले. तिकडचे तिथे दम घेऊन राहिले. मी नाही घेतला तर तो म्हातारा फुगून मरेल ना!"

तिकडचे. जपानी कलाकाराचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. नामावली यायची ती जपानी अक्षरांत, ती वाचणार कोण? दिगूभाऊंनी त्यांना 'तिकडचे' केलं आणि तेच नाव पडलं. मी चिडवायचे, "काय हो, उखाण्याशिवाय नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय का?" ते लाजायचे चक्क! पन्नाशीचा टक्कल पडलेला माणूस, मफलर सारखा करत लाजायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, चहाच्या वेळी हमखास यायचं: "शब्द मंगलचे, गळा माझा, श्वास तिकडचा. तिघांत मिळून एक म्हातारा."

मफलर मे महिन्यातसुद्धा असायचा. खिशात ज्येष्ठमधाची काडी, हातात कोमट पाण्याचा थर्मास. आइसक्रीम त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही खाल्लं नाही. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत पाऊल टाकेपर्यंत मौन. म्हणजे कडक मौन! बिट्टन मार्केटच्या भाजीबाजाराच्या दिवशी गोंगाट असतो म्हणून आम्ही सकाळी लवकर काम उरकायचो. भाऊ त्याआधी पिशवी घेऊन भाजी उरकायचे, सगळं खुणांनी. दोन बोटं, चार बोटं, नाक मुरडलं की वांगी किडकी. भाजीवाल्यांनी त्यांचं नाव 'गूंगे साहब' ठेवलं होतं. एक म्हातारी तर दया येऊन कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायची. "बिचारे का कोई नहीं," असं मला म्हणाली होती. मी वर जाऊन सांगितलं तर सलीमभाई हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले.

तिकडच्यांशी त्यांचं काय नातं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पत्र नाही, फोन नाही, फोटोसुद्धा पाहिलेला नाही. पण एखाद्या दिवशी हेडफोन काढून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आज तिकडच्यांचं नाक चोंदलंय." मग स्वतःच घरी जाऊन हळदीचं दूध प्यायचे. एकदा मधल्या सुट्टीत चहाला हात लावला नाही. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "तिकडच्यांच्या घरी काहीतरी झालंय गं. आवाजात रडून आलेला माणूस आहे." सलीमभाई म्हणाले, "भाऊ, वो कार्टून है, कार्टून! आप तो हद्द कर रिये हो." खरं होतं की नव्हतं, देव जाणे. त्या दिवशीचे दादाजी मात्र असे झाले की पोरांवर खेकसतानासुद्धा रडून आलेले वाटावेत.

आता चार इमलीचा, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या वस्तीतला, किस्सा सांगते, कारण तो पुढे कामाला येणार आहे. दिगूभाऊंच्या खात्याच्या मोठ्या साहेबांना कुठून तरी कळलं की आपल्याच हाताखालचा बाबू टीव्हीवर दादाजींचा आवाज काढतो. साहेबांचा नातू दादाजींचा भक्त. झालं, वाढदिवसाला बंगल्यावर बोलावणं. आम्हालाही सोबत नेलं होतं. लॉनवर खुर्च्या, फुगे, चार इमलीतले अर्धे अधिकारी सहकुटुंब. मेमसाहेबांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "खानझोडेजी, दो लाइन हो जाए!"

दिगूभाऊ उभे राहिले, मफलर सारखा केला आणि हात जोडले. "माफ कीजिए, बाईसाहेब. वो वहाँ वाले कान में बोलते हैं, तभी मुझसे बोला जाता है. वैसे नहीं आता."

सगळे हसले. त्यांना वाटलं, विनोद. पुन्हा आग्रह झाला. पुन्हा हात जोडले. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतः सांगितलं, आणि त्या सांगण्यात जे होतं ते सरकारी नोकरीतल्या माणसाला बरोबर ऐकू येतं. भाऊ तसेच हात जोडून उभे. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. आम्ही केक न खाता बाहेर पडलो. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली सीहोरला झाली आणि हा माणूस तीन वर्षं रोज बसनं जाऊन-येऊन रेकॉर्डिंगला रजा टाकत राहिला. सुमनवहिनी साकेत नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी, घर, मुलगी, सगळं त्यांच्यावर पडलं. मी भाऊंना तोंडावर म्हटलं, "दोन वाक्यं बोलला असतात तर काय जिभेला फोड आले असते?" म्हणाले, "येतच नाही तर काय करू, बाप्पा?" मी विश्वास ठेवला.

अशी वर्षं गेली. भाऊ रिटायर झाले. आणि मग हळूहळू दादाजींचा दम तुटायला लागला.

मला ते आधी कळलंच नाही. मला कळलं ते संवाद लिहिताना. पूर्वी जिथे तीस अक्षरं बसायची तिथे आता अठरा बसेनात. दादाजी जिना चढताना बोलता बोलता मध्येच थांबायचे. चित्रात पाय चालू, आवाज थांबलेला. मी म्हटलं, तिकडे काहीतरी ढिसाळ काम चाललंय. भाऊंनी मान हलवली. "तिकडचे थकले गं. छातीचं काहीतरी आहे. तुकडा तुकडा करून बोलून राहिले." आणि ते स्वतःही तसंच बोलायला लागले. जिथे तिकडच्यांचा श्वास तुटे तिथे यांचा तुटे. इतका हुबेहूब, की एकदा सलीमभाईंनी मशीन थांबवून आत पाणी पाठवलं. भाऊ काचेआडून हसले आणि अंगठा दाखवला. त्यांना काही झालेलं नव्हतं.

पण मुंबईला कोण सांगणार? चॅनेलमध्ये नवीन मॅडम आल्या होत्या. त्यांच्यापर्यंत फक्त हिंदी पोचायचं. मूळ जपानी ऐकायची त्यांना गरजच काय! एक दिवस फोन आला, स्पीकरवर लावला. मॅडम म्हणाल्या, "दादाजी हाँफ रहे हैं. आर्टिस्ट की एज हो गई है क्या? ये भाग दुबारा कीजिए, एनर्जी चाहिए."

भाऊ पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, वहाँ वाले भी वहीं रुकते हैं. आप मूल सुनिए ना एक बार."

"वहाँ वाले को यहाँ कौन सुनता है, सर? यहाँ तो लोग आपको सुनते हैं."

फोन बंद झाला. आता पुढचं नीट ऐका. त्या सद्गृहस्थांनीही ऐकायला हवं होतं.

भाऊ उठले, आत गेले. हेडफोन काढून खुंटीला अडकवला आणि सलीमभाईंना म्हणाले, "चलाओ." कानात कुणी नाही. समोर दादाजी वादळात जिना चढतायत आणि पोरांना हाका मारतायत, तो प्रसंग. आणि भाऊंनी तो अख्खा प्रसंग एका दमात केला. अख्खा! असा खणखणीत आवाज की काच थरथरली. पहिल्या वर्षी नव्हता एवढा मोकळा, एवढा भरदार. सलीमभाई उभेच राहिले. "या खुदा!" एवढंच म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच क्षणी रागही आला. म्हणजे चार इमलीला येत नव्हतं असं नव्हतं! या माणसाला करायचं नव्हतं. तीन वर्षं सीहोरच्या बसमध्ये घातली, पण केलं नाही.

पण तेव्हा राग गिळला. म्हटलं, "भाऊ, हे पाठवा! तोंड बंद होईल त्यांचं."

ते बाहेर आले. एकदा लावून पाहिलं. कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. "हा कोण आहे?" म्हणाले. "तिथे तो म्हातारा खांद्यांनी दम खाऊन राहिला आणि आवाज पळून राहिला. हे दादाजी नाहीत. हा दिगंबर खानझोडे आहे. सलीमभाई, मिटाओ."

"भाऊ, रख लेते हैं. एक कॉपी."

"मिटाओ."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, चिडले, नको नको ते बोलले. वहिनींची शपथ घातली. हा माणूस मशीनशेजारी उभा राहिला आणि ते पुसलं जाईपर्यंत हलला नाही. मग आत जाऊन, कानात तिकडच्यांना घेऊन, पुन्हा तसंच तुटक्या दमाचं रेकॉर्डिंग केलं. ते मुंबईला गेलं. आणि आठवड्याच्या आत मुंबईहून निरोप आला की दादाजींसाठी नवीन कलाकार घेतलाय. खानझोडेजींच्या योगदानाबद्दल आभार वगैरे.

नवीन कलाकार वाईट नव्हता. पण तो तिकडच्यांना ऐकायचाच नाही. तो जुने भाग लावून दिगूभाऊंची नक्कल करायचा. मुंबईला तेच हवं होतं. मी ईमेल लिहिली, एकदा नाही, चार-पाचदा. मूळ आवाज ऐका, कलाकाराची चूक नाही, असं मिनतवारीनं लिहिलं. एकदाच उत्तर आलं की आमचे प्रेक्षक जपानी ऐकत नाहीत. आता याला काय म्हणायचं? खोटं थोडंच होतं ते!

भाऊंना काम गेल्याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतंच. पण खरा काटा वेगळा होता. 'गळा गेला म्हणून काढलं' हे त्यांना पचत नव्हतं. मंडळात, जुन्या कचेरीत, शेजारीपाजारी, सगळीकडे तेच पसरलं होतं. लोक काळजीच्या सुरात विचारायचे, "आता बरा आहे का गळा?" शेवटी त्यांनाच शंका यायला लागली. वहिनींना म्हणाले, तपासून घेऊ. वहिनींनी हॉस्पिटलात नेलं. छाती, गळा, सगळं पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "अंकल, फेफड़े तो मुझसे अच्छे हैं." आणि हा माणूस तोंड पाडून घरी आला. वहिनी मला सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "अगं, काहीतरी निघालं असतं तर बरं वाटलं असतं त्यांना. निदान कारण तरी मिळालं असतं."

एक दिवस मी स्टुडिओच्या जिन्यावरून उतरत होते. खाली भाजीबाजार. दिगूभाऊ त्याच म्हातारीपुढे उभे, आणि चक्क बोलत होते. आता मौन पाळायला रेकॉर्डिंग कुठे होतं! म्हातारी दोन्ही हात गालांवर ठेवून बघत राहिली. मग शेजारच्याला ओरडून म्हणाली, "अरे देख, गूंगे साहब बोलने लगे!" आजूबाजूचे गोळा झाले. कुणी पाठ थोपटली. एकानं विचारलं, "इलाज कहाँ कराया, बाबूजी?" भाऊंनी मान खाली घातली आणि पिशवीत वांगी भरली. मी जिन्यातच थांबले. पुढे जायची हिंमत झाली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात शेवटचा भाग आला. मुंबईहून फाइल आली तेव्हाच सलीमभाईंना कळलं होतं. संध्याकाळी मला म्हणाले, "वो वहाँ वाले बुज़ुर्ग गुज़र गए. ये उनका आख़िरी है. वहाँ लोगों ने आख़िर तक उन्हीं से बुलवाया, बीमारी में भी. किसी ने बदला नहीं." एवढं बोलून ते पान आणायला खाली गेले, आणि खूप वेळ वर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन साकेत नगरला भाऊंच्या घरी गेले. भाऊ दिवाणावर पेपर वाचत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली, आणखी एक घडी केली. "आणलंयस?" म्हणाले.

त्यांनी हेडफोन लावला. मला नुसतं चित्र दिसत होतं. दादाजी जिना चढतायत, वर दिवा लावायला. मला वाटलं होतं, भाऊ संवाद म्हणतील. ते काहीच बोलले नाहीत. नुसते त्यांचे खांदे दादाजींच्या खांद्यांबरोबर वर जात होते, थांबत होते, खाली येत होते. शेवटी दिवा लागला, आणि त्यांनी हेडफोनची वायर ओढून काढली. "सुमन, बाहेर ये," म्हणून हाक मारली आणि तोच प्रसंग स्पीकरवर पुन्हा लावला.

वहिनी हात पुसत दारात उभ्या राहिल्या. आम्ही तिघांनी ऐकलं. एक पायरी. थांबणं. आत घुसमटून ओढलेली हवा. एक शब्द. पुन्हा पायरी. मी इतकी वर्षं या माणसाचे संवाद लिहिले, पण त्याला असं कधी ऐकलंच नव्हतं. वहिनींनी आयुष्य वॉर्डात काढलेलं. त्या म्हणाल्या, "फुप्फुसं पार गेली होती या माणसाची."

"कधीपासून असेल?" भाऊंनी विचारलं.

"वर्ष-दोन वर्षं तरी. असा दम काही एका दिवसात लागत नाही."

भाऊ माझ्याकडे वळले. "म्हणजे मी बरोबर होतो."

"बरोबरच होता, भाऊ."

"माझा गळा नव्हता गेला."

"नव्हता. मी तर तेव्हापासून कंठशोष करतेय!"

ते हसले. किती महिन्यांनी हसले! मग एकदम घाई झाल्यासारखे पुढे सरकले. "मग फोन लाव ना मुंबईला. त्या मॅडमला सांग. काम नको म्हणावं, काही नको. तिनं मूळ एकदा ऐकावं आणि फक्त म्हणावं, खानझोडे, तुम्ही बरोबर होता. बस."

मी फोन लावला. लावायला नको होता, पण त्या तोंडाकडे बघून नाही कसं म्हणणार? कुणातरी तरुण माणसानं उचलला. मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या. मी म्हटलं, दादाजींबद्दल बोलायचंय, भोपाळच्या दिगंबर खानझोडेंबद्दल, वीस वर्षं आवाज दिला त्यांनी.

"कौन दिगंबर?" त्यानं विचारलं.

फोन माझ्या कानाला घट्ट होता, स्पीकर बंद होता. मी भाऊंकडे बघून मान डोलवायला लागले, हो, ऐकतायत ते, अशी. पण जन्मभर दुसऱ्याचा आवाज कानात घेऊन बसलेला माणूस तो. त्यांना ऐकू गेलं होतं.

"ठेव," म्हणाले. "चहा घेऊन जा."